गादीच्या आधी बाज पाहा

तूर घरात आली, हरभरा निघाला, पऱ्हाटीचा शेवटचा वेचा झाला, की आपल्या वऱ्हाडात लग्नाची धामधूम सुरू होते. धामणगाव रेल्वेच्या बाजारात मग भांड्यांच्या दुकानांपाठोपाठ गर्दी होते ती गादी-पलंगाच्या दुकानांत. पोरीच्या आंदणात पलंग हवा, पलंगावर गादी हवी, गादीवर दोन उशा हव्यात. हे सारे एका दुपारी, सोबत आलेल्या चौघांच्या सल्ल्याने आणि दुकानदाराच्या गोड बोलण्यावर घेतले जाते. बैल घ्यायचा तर आपण त्याचे दात पाहतो, चालवून पाहतो, दोन बाजार फिरतो. आणि ज्या गादीवर पुढची आठ-दहा वर्षे रोज रात्री पाठ टेकायची, ती मात्र वरच्या कापडाची फुले पाहून घेतो.

आमच्या ओळखीच्या एका घरची गोष्ट सांगतो. आजीचे वय सत्तरीच्या पुढे. उभा जन्म निंदणात आणि कापूस वेचण्यात गेला. कंबर धरली म्हणून मुलाने मोठ्या हौसेने तालुक्याहून नवी जाड गादी आणली आणि आजीच्या बाजेवर टाकली. आठ दिवसांनी आजी म्हणाली, "बापू, पैसे पान्यात घातले रे. या गादीपक्षा माही जुनी कथडी बरी होती." मुलगा हिरमुसला. गादी परत घ्यायला दुकानदार तयार होईना. पुढे गावचा सुतार दुसऱ्याच कामासाठी घरी आला होता. त्याने बाजेवर हात दाबून पाहिला आणि म्हणाला, "भाऊ, गादीचा काय दोष? बाजेची झोळी झाली आहे." त्याने दोर काढला, बाजेच्या चौकटीवर आडव्या फळ्या ठोकल्या, त्यावर तीच गादी टाकली. आजीचे गुडघे काही त्याने बरे झाले नाहीत. पण सकाळी उठताना भिंत धरून मिनिटभर थांबावे लागे, ते कमी झाले.

तेव्हा वाचकहो, गादीचा विचार खालून वर करावा. आधी बाज किंवा पलंग, मग गादी, मग उशी. आपण उलटे करतो.

खाली काय आहे?

बाज ही आपली जुनी आणि गुणी वस्तू आहे. उचलायला हलकी, उन्हाळ्यात अंगणात नेता येते, खालून वारा खेळतो, पाहुणा आला की टाकता येते, ढेकूण झाले तर उन्हात उभी करता येते. बाभळीचे पाय आणि सागाची चौकट असलेली बाज नातवापर्यंत टिकते. पण तिचा सारा जीव दोरात. अंबाडीचा असो, सुतळीचा असो, की सुताची नवार असो, ताण गेला की माणूस मध्ये बुडतो. पाय वर, डोके वर आणि कंबर खाली अशी अवस्था रात्रभर राहते. तरण्या पोराला ती खपते. दिवसभर सोळा लिटरचा फवारणीचा पंप पाठीवर वागवलेल्या, नाहीतर वाकून वाकून वेचणी केलेल्या माणसाला ती खपत नाही. दिवसभर वाकलेली पाठ रात्रीही वाकलेलीच राहते.

बाज पाहायची एक सोपी रीत आहे. उशापासून पायथ्यापर्यंत चौकटीवर एक दोरी ताणून धरा आणि एकाला बाजेवर निजवा. कमरेखालचा विणीचा भाग दोरीच्या चार बोटांहून जास्त खाली गेला, तर पायथ्याकडचा ताणाचा दोर ओढून घ्या. पूर्वी घरचे म्हातारे हे काम दर महिना-पंधरा दिवसांनी न सांगता करीत. आता घरोघर प्लॅस्टिकच्या पट्टीच्या बाजा आल्या. पट्टी कुजत नाही हे खरे, पण सैल पडली की पुन्हा ताणायला कोणी बसत नाही. ओढूनही ताण राहत नसेल तर बाज नव्याने विणून घ्या. नवार रुंद असल्याने गादीखाली ती दोरापेक्षा बरी.

आणि एक. जाड गादी बाजेवर टाकूच नये. बाज ही एकट्या चादरीसाठी किंवा पातळ गोधडीसाठी केलेली वस्तू आहे. गादी टाकायची तर खाली फळ्या हव्यात.

फळ्यांच्या पलंगात पाहायच्या गोष्टी थोड्या. फळी पाऊण इंचाची, दोन फळ्यांत दोन बोटांची फट. फट मोठी ठेवली तर गादी तिच्यात उतरते आणि तिथेच तिचा कणा मोडतो. फट मुळीच नसेल तर पावसाळ्यात गादीला खालून बुरशी धरते. दोघांच्या रुंद पलंगाला मधोमध लांबीतून एक जाड पट्टी आणि तिला स्वतःचा पाय हवा. तो पाय दुकानात कोणी दाखवत नाही, कारण पुष्कळ पलंगांना तो नसतोच. खाली वाकून पाहा. पेटीच्या पलंगाला वर सपाट प्लायवूड असते. त्याला सुताराकडून वीत-वीत अंतरावर भोके पाडून घ्या. लोखंडी पलंगाचा पत्रा मधोमध दोन्ही हातांनी दाबा. डबा वाजल्यासारखा आवाज करून तो खाली गेला, तर वर फळ्या टाकल्याशिवाय तो पलंग कामाचा नाही.

कडक चांगली की मऊ?

पूर्वी कंबर दुखणाऱ्याला डॉक्टर सांगत, "फळीवर झोपा." आमच्या वडीलधाऱ्यांनी ते इतके मनावर घेतले की जितकी कडक तितकी औषधी, अशी समजूत झाली. दुकानदारांनीही ती उचलली. दगडासारख्या गादीवर 'ऑर्थोपेडिक' अशी चिठ्ठी लावली की दीडपट पैसे मिळतात. हा शब्द दुकानाचा आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीवरचा नव्हे, हे ध्यानात असू द्या.

२००३ मध्ये 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधील डॉ. फ्रान्सिस्को कोवाक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास छापून आला. जुनी कंबरदुखी असलेली ३१३ माणसे त्यांनी घेतली. काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम कडक, आणि ९० दिवसांनी विचारपूस केली. मध्यम कडक गादीवाल्यांना निजताना आणि उठताना त्रास कमी होता आणि दिवसाची कामेही त्यांना अधिक सुखाने करता येत होती. आता स्पेनमधल्या गाद्या काही आपल्या पिंजाऱ्याने भरलेल्या नव्हत्या. पण त्यातला मुद्दा आपल्याला लागू आहे. खाली पक्के आणि वर थोडे बसणारे, असा मेळ असला पाहिजे. पक्केपणा फळीने द्यावा, बसकेपणा गादीने. नुसत्या फळीवर खांदा आणि ढुंगण टोचते, कंबर अधांतरी राहते. नुसत्या मऊ गादीत कंबर बुडते.

घरचा कापूस आणि घरची गादी

धामणगाव रेल्वे हे गावच कापसाचे. 'रेल्वे' हे शेपूट नावाला लागले ते उगाच नाही. अचलपूरकडे धामणगाव गढी आहे, बुलढाणा जिल्ह्यात धामणगाव बढे आहे. आपले धामणगाव आगगाडीवाले. भुसावळहून निघालेली ही लाइन १८६७ मध्ये नागपूरला पोचली आणि वऱ्हाडचा कापूस तिच्यावरून मुंबईच्या बंदराकडे निघाला. तेव्हापासून गाड्या भरभरून कापूस आपण जगाला दिला. आणि आज त्याच कापूसवाल्याच्या घरात लग्नाची गादी येते ती फोमची. मला हे बोचते. पण नुसते बोचून उपयोग नाही. कापसाची गादी खरोखर चांगली आहे का आणि कशी करावी, हे सांगितले पाहिजे.

चांगली आहे. वैशाखात पारा पंचेचाळीसला जातो, तेव्हा कापूस घाम पितो आणि उन्हात टाकला की तो सोडूनही देतो. फोम अंगाची ऊब धरून ठेवतो. कापसाची गादी बसली तर पिंजून पुन्हा उभी करता येते. फोमची बसली की फेकावी लागते. तिचा तोटा म्हणजे ती जड असते आणि तिची निगा ठेवावी लागते. निगा ठेवायची नसेल तर कापसाच्या नादी लागू नये, हेही स्पष्ट सांगतो.

आता कापूस कोणता? इथेच पुष्कळांची चूक होते. आपल्याला वाटते, लांब धाग्याचा, रेशमासारखा मऊ कापूस तो उत्तम. तो सुतासाठी उत्तम. गादीत तो लवकर दबून चिकटून बसतो. गादीला हवा आखूड, जाडाभरडा, ताठ धाग्याचा देशी कापूस. मुठीत दाबून सोडला की तो फुलून वर येतो. जुन्या काळी वऱ्हाडात 'जरी' नावाचा असा जाडा कापूस होता. गिरणीवाले त्याला नावे ठेवीत, पण गादीत तो राजा. १९७० मध्ये एच-४ हा संकरित कापूस आला, २००२ मध्ये बीटी आले, आणि पुढच्या दहा वर्षांत वऱ्हाडातली बहुतेक पऱ्हाटी बीटीची झाली. देशी कापूस बांधावर गेला. पण तो संपलेला नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने एकेए-७, एकेए-८ असे देशी वाण दिले आहेत.

हिशेब करून पाहा. एकट्या माणसाच्या सहा बाय तीन फुटांच्या गादीला दहा-बारा किलो रुई लागते. कापसात साधारण तिसरा हिस्सा रुई, बाकी सरकी. म्हणजे बारा किलो रुईला पस्तीस-छत्तीस किलो कापूस. एकरी पाच क्विंटल धरला तरी तीन गुंठ्यांत एका गादीचे काम होते. पोर पाचवी-सहावीत असतानाच दरवर्षी चार ओळी देशी लावल्या, तर लग्नापर्यंत गाद्यांची रुई घरचीच जमते. देशी मिळालाच नाही तर आपल्या बीटीची रुईही चालते, पण ती वरचेवर पिंजावी लागेल.

मात्र गादीत कवडी भरू नका. बोंडअळीने खाल्लेला, डागी, शेवटच्या फरदडीचा कापूस बाजारात भाव खात नाही म्हणून तो घरच्या गादीत घालायचा, ही काटकसर अंगाशी येते. त्यात पाला, कचरा आणि सरकीची फुटकी टरफले असतात. त्याच्या गुठळ्या होतात आणि धूळ उडून खोकला लागतो. पहिल्या-दुसऱ्या वेच्याचा कोरडा कापूस काढून ठेवा. सकाळच्या दवात वेचलेला असेल तर आधी वाळवा. रुई बाहेरून घेणार असाल तर जिनिंगमधून गठाण बांधण्याआधीची मोकळी घ्या. १७० किलोच्या गठाणीत दाबलेली रुई फोडून, पुन्हा पुन्हा पिंजल्याशिवाय फुलत नाही.

पिंजणाराचे काम आता यंत्राने होते. खांद्यावर पिंजण घेऊन, ताताचा टण् टण् आवाज करीत गल्लीतून जाणारे पिंजारी चाचा क्वचितच दिसतात. त्यांतल्या एका म्हाताऱ्या चाचांचे बोलणे मला आठवते. "गादी मरत नाही भाऊ, रुई झोपते. तिले उठवलं का झालं." रुईचे धागे एकमेकांत दबून बसतात, पिंजले की सुटे होतात आणि मध्ये हवा भरते. ती हवाच आपल्याला तोलून धरते. दर दोन वर्षांनी गादी उसवून पिंजून घ्यावी. पिंजताना धूळ आणि तुटका धागा जाऊन थोडे वजन घटते. तेवढी, किलोभर, नवी रुई घालावी.

काटा मागा

कापूस विकायला नेला की आपण काट्यावरून डोळा हलवत नाही. गादी घेताना मात्र काटा मागायला लाजतो. कापसाची गादी जाडीवर कधीही घेऊ नका. नवी गादी वीतभर फुगलेली असते, चार महिन्यांत ती निम्म्यावर येते. जाडी फसवते, वजन फसवत नाही. आधी रिकामी खोळ तोला, मग भरलेली गादी तोला. भरताना स्वतः समोर उभे राहा. चिंध्या पिंजून केलेला रंगीबेरंगी भुसा वरून पांढऱ्या रुईने झाकून देणारेही असतात. कापड घट्ट विणीचे गादीपाट घ्या. टाके ओळीने, वीतभर अंतराने, गादीच्या आरपार गेलेले असावेत. टाके दूर असले की रुई कडेला पळते आणि मध्ये खड्डा पडतो.

फोम घ्यायचाच असेल तरी काटा मागाच. माझीच फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका दुकानातून फोमची गादी घेतली. दुकानदार म्हणाला, बत्तीस डेन्सिटीची आहे. मी मान डोलावली. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत ती पुरणपोळीसारखी झाली. मग कोणीतरी समजावले की डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचे वजन किती किलो, एवढेच. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, चार इंच जाड अशा गादीत घनमीटरचा साधारण सहावा हिस्सा फोम बसतो. म्हणजे बत्तीस डेन्सिटीची असेल तर ती साडेपाच किलोच्या आसपास भरली पाहिजे, चाळीसची असेल तर पावणेसात किलोच्या आसपास. माझी तोलली तर तीन किलो! म्हणजे ती अठराची होती. हा हिशेब कागदावर लिहून खिशात ठेवा. गादी दुप्पट रुंद असेल तर वजन दुप्पट, जाडी सहा इंच असेल तर दीडपट. आणि डेन्सिटी बिलावर लिहून घ्या. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे. ती गादी किती वर्षे उभी राहील त्याचा अंदाज देते. कडक की मऊ, ते निजूनच कळते.

काथ्याच्या गादीबद्दल दोन शब्द. केरळकडचा नारळाचा काथ्या रबरात बांधून ती करतात. पक्की असते, हवाही खेळते. पण घडी घातली की मोडते आणि भिजली की कामातून जाते. लहान मुलांच्या घरी ती नको. तिच्यावर पातळ कापसाची गादी टाकली तर मात्र मेळ चांगला बसतो.

निजून पाहा

दुकानात दहा मिनिटे निजायला संकोच वाटतो, विशेषतः बायामाणसांना. म्हणून सोबत घरचे माणूस न्या आणि दुपारची शांत वेळ निवडा. जी निजणार आहे तिलाच निजू द्या. सासऱ्याने दाबून पाहिलेली गादी सुनेच्या पाठीला कशी लागणार? उताणे निजा आणि कमरेखालून हात सरकवून पाहा. हात मोकळा आरपार गेला तर गादी फार कडक. हात शिरलाच नाही तर फार मऊ. सरकायला थोडा अडखळला तर ठीक. मग कुशीवर निजा आणि सोबतच्याला मागून पाठीचा कणा पाहायला सांगा. मानेपासून माकडहाडापर्यंत रेघ सरळ दिसली पाहिजे.

गादीची लांबी निजणाऱ्यापेक्षा अर्धा फूट जास्त हवी. आणि नवराबायकोच्या वजनात मोठा फरक असेल तर एक रुंद गादी घेण्यापेक्षा तीन-तीन फुटांच्या दोन घ्या. जड माणूस खड्डा करतो, हलके माणूस रात्रभर त्यात घरंगळते. दोन गाद्या उन्हात न्यायलाही सोप्या.

कुशीवर निजणाऱ्याची उशी खांदा आणि कान यांतले अंतर भरून काढेल एवढी उंच असावी. उताणे निजणाऱ्याची पातळ. काटेसावरीचा कापूस उशीला फार छान. गादीला मात्र तो नको, वजनाखाली चेपून जातो. तान्ह्या बाळाला उशी देऊच नये. मोहरीची नाही, कापसाचीही नाही. बाळाला सपाट, पक्क्या अंथरुणावर उताणे निजवावे, असे डॉक्टर सांगतात. मऊ गादीत तोंड रुतून बाळाचा श्वास कोंडतो.

म्हातारे, आजारी आणि रात्रीचे भय

म्हाताऱ्या माणसाच्या पलंगाची उंची गादीसकट त्याच्या गुडघ्याएवढी असावी, म्हणजे काठावर बसल्यावर तळवे जमिनीवर पूर्ण टेकतील. हल्लीच्या उंच पेटीच्या पलंगावर सहा इंची गादी टाकली की म्हातारीचे पाय लोंबकळतात आणि रात्री उठताना ती पडते. बाज फार ठेंगणी असेल तर पायांखाली लाकडी ठोकळे पक्के बसवून घ्या.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. गादी कितीही भारी असली तरी हे काम चुकत नाही. हवेची गादी मिळाली तर मदत होते. कापसाची असेल तर वर रेक्झीन टाका, कारण ओली गादी ही जखमेची सुरुवात.

आणि कंबरदुखीबरोबर पायाला मुंग्या येत असतील, पायातली ताकद जात असेल, लघवीवर ताबा राहत नसेल, संध्याकाळी ताप येऊन वजन घटत असेल, तर गादी बदलत बसू नका. मणक्याचा क्षयही असा सुरू होतो. सरकारी दवाखान्यात जा. धामणगावकडच्यांना सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालयही दूर नाही.

जमिनीवर निजण्याबद्दलही लिहिले पाहिजे. घरात जागा नाही, हवा लागते, म्हणून पुष्कळ जण पावसाळ्यातही खाली निजतात. आपल्या भागात मण्यार आहे. ती रात्री फिरते, निजलेल्या माणसाला चावते आणि पुष्कळदा चावल्याचे कळतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, तोवर वेळ गेलेली असते. असे झाले तर मांत्रिकाकडे नाही, थेट दवाखान्यात. सापाच्या विषावर लस तिथेच असते. साधी बाज आणि मच्छरदाणी यांनी हे भय पुष्कळ कमी होते. मच्छरदाणी नुसती लोंबती सोडू नका, चारी बाजूंनी गादीखाली खोचा. चादर जमिनीला टेकू देऊ नका. पैसा थोडा असेल आणि गादी की बाज असा प्रश्न असेल, तर मी आधी बाज आणि मच्छरदाणी घ्या म्हणेन.

पलंगाखाली काय ठेवता?

हे लिहिताना हात जड होतो. कितीतरी घरांत फवारणीच्या औषधाची उरलेली बाटली पलंगाखाली असते. मुलांच्या हाती लागू नये म्हणून ठेवतात आणि तिथेच ती मुलांच्या हाती लागते. घरात कोणाचे मन उदास असेल तर रात्री हाताशी असलेली ती बाटली घात करते. तिला गोठ्याबाहेर, कुलपात जागा द्या. ढेकूण झाले म्हणून पिकाचे औषध गादीवर, बाजेवर मारणारे लोकही पाहिले आहेत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले, ते उघड्या रानात. त्याच औषधावर तोंड ठेवून रात्रभर श्वास घ्यायचा? ढेकणांना उकळते पाणी आणि कडक ऊन पुरते. बाजेच्या सांध्यांतून उकळते पाणी ओता, दोर-नवार उकळा, गादी काळ्या कापडाने झाकून वैशाखाच्या उन्हात टाका, आणि आठवड्याने पुन्हा हेच करा. अंडी फुटून निघालेले दुसऱ्या खेपेला मरतात. पेटीच्या पलंगात गहू-तूर ठेवत असाल तर त्यात किडीसाठी विषारी वायूच्या गोळ्या मुळीच टाकू नका. तो वायू रात्री निजलेल्यांचा जीव घेतो.

आता राहिले निगेचे. महिन्यातून एकदा गादीची उशाची बाजू पायथ्याला करा, आणि कापसाची असेल तर पालथीही घाला. मृग लागायच्या आधी तीन दिवस ओळीने ऊन दाखवा. वेताच्या छडीने हलके झोडा, लाठीने नको, टाके तुटतात. पिंजायचे असेल तर चैत्रातच पिंजणाराला गाठा. लग्नसराईत त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि पाऊस सुरू झाला की दमट रुई पिंजून काही उपयोग नाही.